दिवे नकोत, रंग हवेत!

कॅमेरा घेतलात, लेन्सही घेतलीत. आता फोटो एडिट करायला पीसी हवाय आणि खिसा मात्र 'जरा जपून' म्हणतोय? मग दुकानाची पायरी चढण्याआधी एवढं वाचाच...

तुमच्या ऑफिसात एकदा नजर फिरवा. प्रत्येक फ्लोअरवर एक तरी 'ऑफिशियल फोटोग्राफर' सापडेलच. सोमवार ते शुक्रवार एक्सेल शीट, शनिवार-रविवार गळ्यात कॅमेरा. आधी राजमाचीचे ढग, मग मित्राचा साखरपुडा, मग मित्राच्या मित्राचं प्री-वेडिंग. हौस म्हणून सुरू झालेलं प्रकरण बघता बघता साईड इन्कम होतं. आणि मग एक दिवस घरचा जुना लॅपटॉप हात टेकतो. लाइटरूम उघडायला चहा होईल इतका वेळ, आणि एक्स्पोर्टला लावलं की जेवणंही उरकतात!

अशा वेळी पहिला सवाल येतो, नवा लॅपटॉप की डेस्कटॉप? सतत फिरतीवर असाल तर प्रश्नच मिटला. पण एडिटिंग घरी बसूनच करणार असाल तर डेस्कटॉपला तोड नाही. तेवढ्याच पैशांत ताकद जास्त, स्क्रीन मोठा, तासन् तास काम केलं तरी तापून संथ होण्याची भीती कमी. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आज जे परवडत नाही ते पुढच्या वर्षी जोडता येतं.

मामीची भिशी आणि ६५ हजार

हे सगळं मी इतकं ठासून सांगतेय, कारण २०२५ च्या गणपतीनंतर माझ्या मामेभावासाठी अशीच खरेदी करायची होती. पठ्ठ्या ठाण्यात एका बँकेच्या बॅक ऑफिसात आहे आणि सुट्टीच्या दिवशी फोटोंच्या ऑर्डरी घेतो. मामीची भिशी लागली होती. ती म्हणाली, "हे ६५ हजार घे, पण वर एक रुपया मिळणार नाही. आणि पुढचे हप्ते मलाच भरायचेत, हे लक्षात ठेव." शिवाय पितृपक्षात खरेदी नको, घटस्थापनेनंतरच, ही अट होतीच. त्यामुळे अभ्यासाला आम्हाला पंधरा दिवस आयतेच मिळाले.

गरज खरीच होती. त्या उन्हाळ्यात त्याने एका मुंजीचा अल्बम केला होता. लॅपटॉपवर फोटो झक्कास दिसत होते. छापून आले तर सगळी मंडळी कावीळ झाल्यासारखी पिवळी! लॅपटॉपचा पडदा निळसर होता, म्हणून हा बिचारा प्रत्येक फोटोत उबदारपणा वाढवत बसला होता. अल्बम पदरच्या पैशांनी पुन्हा छापावा लागला. डिसेंबरात एका लग्नाची ऑर्डर होती. तिथे पैठणीचा रंग चुकला असता, तर पुढची ऑर्डर विसराच!

आधी मॉनिटर, मग बाकीचं

म्हणून पहिला फंडा हा. बहुतेक जण प्रोसेसरपासून सुरुवात करतात आणि उरलेल्या पैशांत मिळेल तो मॉनिटर उचलतात. फोटोंसाठी हिशोब उलटा हवा. संथ मशीन तुमचा वेळ खाईल, पण चुकीचा पडदा तुमचं कामच बिघडवेल.

बघायचं काय? एक, पॅनल आयपीएस असावं. स्वस्त टीएन पॅनलवर मान जरा हलवली तरी रंग बदलतात. दोन, एसआरजीबी हा रंगांचा पल्ला शंभर टक्क्यांच्या आसपास भरायला हवा. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मिळून ठरवलेला हा रंगपट्टा आजही वेब आणि बहुतेक फोटो लॅबची बोली आहे. खोक्यावर '४५ टक्के एनटीएससी' असं दिसलं, तर हसून पुढे चला. ७२ टक्के असेल, तर तो साधारण एसआरजीबीच्या बरोबरीचा पल्ला झाला. तीन, साइझ. २४ इंचाला फुल एचडी चालतं, २७ इंचाला मात्र २५६० बाय १४४० घ्या, नाहीतर पिक्सेल डोळ्यांत भरतात. गंमत बघा, तुमच्या २४ मेगापिक्सेलच्या फोटोत २ कोटी ४० लाख ठिपके असतात आणि फुल एचडी पडदा एका वेळी दाखवतो जेमतेम २१ लाख!

घरी आणल्यावर ब्राइटनेस खाली आणा. दुकानात मॉनिटर उजळ चकाचक ठेवतात. तशाच पडद्यावर एडिट केलंत तर प्रिंट काळपट येते. जमलं तर मित्रांत मिळून एक कॅलिब्रेटर घ्या. स्पायडर किंवा कॅलिब्राइटचं छोटं यंत्र पडद्यावर ठेवायचं, बाकी काम ते करतं. महिन्याकाठी एकदा लागणारी वस्तू, चौघांत सहज पुरते.

आम्ही बजेटचा पाचवा हिस्सा मॉनिटरसाठी आधीच बाजूला काढला. बाकीच्यांनी उरलेल्यात भांडायचं!

मेंदू, टेबल आणि कपाट

प्रोसेसर म्हणजे मेंदू. फोटोंसाठी तो अगदी आइनस्टाइनचा नको. सहा कोअरचा मधल्या फळीतला चिप पुरे. इंटेलचा कोअर आय५-१२४०० हा २०२२ चा गडी किंवा एएमडीचा २०२१ चा रायझन ५ ५६००जी, दोघंही जुने झाले तरी कामाचे आहेत. एक खाच मात्र लक्षात ठेवा. इंटेलच्या नावामागे 'एफ' असेल, तर त्यात ग्राफिक्स अंगभूत नसतं. वेगळं कार्ड घेतल्याशिवाय पडदा पेटणारच नाही.

रॅम म्हणजे कामाचं टेबल. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची १६ बिटमधली एक लेयर साधारण १४४ एमबी जागा घेते. दहा लेयर झाल्या की दीड जीबी गेलीच. वर ब्राउझरचे वीस टॅब आणि गाणी. त्यामुळे ८ जीबीत आता भागत नाही. १६ जीबी किमान, ३२ जीबी उत्तम. एकच मोठी पट्टी घेण्यापेक्षा दोन सारख्या पट्ट्या लावा, वेग वाढतो. आम्ही चार स्लॉटचा मदरबोर्ड घेतला, दोन स्लॉट भरले, दोन पुढच्यासाठी मोकळे.

इथे एक वाईट बातमी. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटर्सना मेमरी हवी आणि कंपन्यांनी मोर्चा तिकडे वळवला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. त्यामुळे जुन्या व्हिडिओतले भाव मनात धरून दुकानात जाऊ नका. निघायच्या दिवशी तीन ठिकाणी चौकशी कराच.

एसएसडी म्हणजे कपाट. जुनी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी वाचते, साटा एसएसडी साडेपाचशेच्या घरात आणि साधी एनव्हीएमई एसएसडी तीन हजारांच्या पुढे. एका लग्नाचे १,८०० रॉ फोटो, प्रत्येकी २५ एमबी धरले तर ४५ जीबी होतात. विंडोज, सॉफ्टवेअर आणि चालू काम एनव्हीएमईवर ठेवा. झालेलं काम हार्ड डिस्कवर हलवा. १ टीबी एसएसडीत हा संसार छान चालतो.

लॅमिंग्टन रोडची एक दुपार

घटस्थापना झाली आणि आम्ही ग्रँट रोड स्टेशनला उतरलो. लॅमिंग्टन रोडचं माहोलच वेगळं. फुटपाथवर केबलचे गुंडाळे, वर खोक्यांचे मनोरे, आणि आत काचेच्या कॅबिनेटमध्ये लाल-निळ्या-हिरव्या दिव्यांचे फिरते पंखे. आमच्या बंधुराजांचे डोळे तिथेच लागले.

"ताई, हे बघ ना, कसलं सॉलिड दिसतंय!"

दुकानदारही पक्का. "मॅडम, हे गेमिंग मशीन आहे. फोटो तर ह्याच्यात चुटकीसरशी होतील." त्याने कोटेशन समोर सरकवलं, बरोब्बर ६५ हजार.

मी कागद खालून वर वाचला. शेवटच्या ओळीत मॉनिटर होता, ऑफिसचा साधा, पॅनल कुठलं ते लिहिलेलंच नाही. पॉवर सप्लायचं नाव नव्हतं. बजेटचा मोठा लचका ग्राफिक कार्डानेच तोडला होता.

"भाऊ, हे कार्ड काढा, दिव्यांचे पंखेही काढा. त्या पैशांत आयपीएस मॉनिटर आणि नावाचा पॉवर सप्लाय बसवा," मी म्हटलं.

तो हसला. "मॅडम, तुम्ही होमवर्क करून आलाय."

आता ग्राफिक कार्ड वाईट नाही हं! लाइटरूममध्ये एप्रिल २०२३ पासून एआयवर चालणारं डीनॉइज आलंय. अंधाऱ्या हॉलमधल्या दाणेदार फोटोंवर ते जादू करतं, पण सगळा भार कार्डावर टाकतं. अंगभूत ग्राफिक्सवर एकेका फोटोला मिनिटं जातात. तुमचं निम्मं काम तसलंच असेल, तर ८ जीबी मेमरीचं कार्ड घ्या. नुसती रंगसंगती, क्रॉप आणि रिटचिंग करत असाल, तर ते पुढच्या सीझनवर ढकला. म्हणूनच पॉवर सप्लाय आजच ५५० वॉटचा घ्या, म्हणजे उद्या कार्ड बसवताना तो बदलायला नको.

बिलाची गंमत तर ठरलेलीच. "बिल नको असेल तर कमी करून देतो" हा आवाज येतोच. १८ टक्के जीएसटी वाचल्याचा आनंद पहिल्या बिघाडापर्यंतच टिकतो. पक्कं बिल, त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर आणि सीलबंद खोकी घरी, यावर अडून राहा. 'सगळी सॉफ्टवेअर फुकट टाकून देतो' यालाही गोड नकार द्या. चोरीच्या सॉफ्टवेअरसोबत काय काय येईल सांगता येत नाही, आणि मशीनमध्ये गिऱ्हाइकाच्या लग्नाचे फोटो असतात.

मॅक मिनी, सेकंडहँड वगैरे...

तुम्ही म्हणाल, मॅक मिनी का नाही? नोव्हेंबर २०२४ मध्ये एम४ चिपचा मॅक मिनी भारतात आला तो ५९,९०० रुपयांना, १६ जीबी मेमरीसह. फोटोंसाठी मशीन अफलातून आहे. पण स्टोरेज २५६ जीबी, मेमरी नंतर वाढवता येत नाही, आणि मॉनिटर, की-बोर्ड, माऊस सगळं वेगळं. घरी चांगला मॉनिटर आधीच असेल तर खुशाल विचार करा. आमच्या ६५ हजारांत मात्र पडद्याला पाच हजारच उरले असते!

कंपन्यांतून निघालेले सेकंडहँड पीसीही मिळतात. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा सर्वसाधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. 'आय७ आहे' एवढ्यावर भुलू नका, कितव्या पिढीचा ते विचारा.

आणि सॉफ्टवेअर? अडोबीचं भाडं जड वाटत असेल, तर डार्कटेबल आणि रॉथेरपी फुकट आहेत. गिम्पची ३.० आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली. कॅनव्हाने अॅफिनिटीही ऑक्टोबर २०२५ पासून मोफत केलंय. शिकायला थोडा वेळ जाईल, पण दर महिन्याला पैसे कापले जाणार नाहीत.

दोन दिवस आधी

आमचा पीसी दसऱ्याला लागला. मामीने झेंडूचं फूल वाहिलं, हळदकुंकू मात्र की-बोर्डवर पडता पडता वाचवलं. डिसेंबरातलं लग्न झालं, फोटो दिलेल्या तारखेच्या दोन दिवस आधी गेले. नवरीच्या आईचा फोन आला, "पैठणीचा रंग अगदी तसाच आलाय हो!" जानेवारीपासून भिशीचा हप्ता तो भरतो. मामी वरवर 'कशाला रे' म्हणते, पण भिशीच्या बायकांना ती स्वतःच सांगत सुटलीय.

एक शेवटची गोष्ट, जी कोटेशनमध्ये कधीच नसते. ती म्हणजे बॅकअप. पीटर क्रोग या फोटोग्राफरने लोकप्रिय केलेला ३-२-१ चा नियम पाठ करा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. ऑफिसच्या ड्रॉवरमधली हार्ड डिस्कसुद्धा 'घराबाहेर' धरायला हरकत नाही. पीसी दुसरा घेता येतो, कुणाचे सात फेरे पुन्हा घेता येत नाहीत!

खरेदीला जाताना खिशात ठेवा

* मॉनिटर आधी ठरवा. आयपीएस, शंभर टक्क्यांच्या आसपास एसआरजीबी.
* सहा कोअरचा प्रोसेसर. 'एफ' दिसलं तर थांबा.
* १६ जीबी रॅम दोन पट्ट्यांत, वाढवायला स्लॉट मोकळे.
* १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, साठवणीला वेगळी हार्ड डिस्क.
* नावाजलेल्या कंपनीचा पॉवर सप्लाय आणि छोटा यूपीएस. एक्स्पोर्टच्या मध्यात वीज गेली तर आभार मानाल.
* पक्कं बिल, सीरियल नंबर, सीलबंद खोकी.
* दिवे दिवाळीला लावा. पीसीच्या पैशांत रंग घ्या!