इंजेक्शन थांबवायचे, पण किती दिवस?

1998 च्या नोव्हेंबरात अमेरिकेत एटानरसेप्ट या टीएनएफ अडवणाऱ्या इंजेक्शनला मान्यता मिळाली आणि आमवाताच्या, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, उपचारात बायोलॉजिक औषधांचे पर्व सुरू झाले. टीएनएफ हा रेणू अडवला की सुजलेले सांधे निवतात, हे लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांनी लंडनमध्ये त्याआधीच दाखवून दिले होते. मात्र ज्यांचे गुडघे आणि खुबे आधीच कामातून गेले होते, त्यांना सांधेरोपणावाचून गत्यंतर नव्हते.

पेच तिथेच पडला. सूज आणणारा हा रेणू जंतूंशीही लढतो. तो अडवलेला असताना नव्या सांध्यात पू झाला तर? धातूवर जंतूंनी थर धरला की प्रतिजैविके पुरी पडत नाहीत. बसवलेला सांधा काढावाही लागतो. या धास्तीने कित्येकांची सगळीच औषधे बंद केली जायची. मग आमवात उसळायचा. नवा गुडघा चालायला तयार, पण बोटे इतकी सुजलेली की वॉकरची मूठ धरवत नाही. औषध तोडण्याची ही किंमत फार कमी लोकांनी हिशेबात धरली, असे मला वाटते.

2001 मध्ये ब्रिटनमधल्या 388 रुग्णांच्या अभ्यासाने डोळे उघडले. तो मेथोट्रेक्सेट या जुन्या गोळीबद्दल होता. ती चालू ठेवलेल्यांत जंतुसंसर्ग किंवा शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत 2 टक्के, थांबवलेल्यांत 15 टक्के!

2017 मध्ये अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञ आणि सांधेरोपण करणारे सर्जन यांनी एकत्र बसून नियम आखले. 2022 मध्ये ते सुधारले. मेथोट्रेक्सेट चालू ठेवायचे. बायोलॉजिकचा एक डोस टाळून शस्त्रक्रिया करायची: ॲडॅलिमुमॅब दर दोन आठवड्यांनी असेल तर तिसऱ्या आठवड्यात, रिटुक्सिमॅब सहा महिन्यांनी असेल तर सातव्या महिन्यात. साधारण चौदा दिवसांनी टाके निघाले, जखम कोरडी असली, की पुन्हा सुरू. याच काळात झालेल्या अभ्यासांत स्टेरॉइडच्या मोठ्या डोसचा धोका ठळकपणे पुढे आला. भीती महागड्या इंजेक्शनची वाटत राहिली आणि स्टेरॉइडच्या स्वस्तातल्या गोळीकडे दुर्लक्ष झाले.

डिसेंबर 2014 मध्ये अहमदाबादच्या कंपनीने ॲडॅलिमुमॅबची स्वस्त आवृत्ती आणली, तेव्हापासून हा प्रश्न आपल्याही घरांत आला आहे. म्हणून ऑपरेशनची तारीख ठरण्याआधी शेवटच्या इंजेक्शनची तारीख आणि प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे मिलिग्रॅम कागदावर लिहून संधिवाततज्ज्ञ आणि सर्जन अशा दोन्ही डॉक्टरांना दाखवा. स्टेरॉइड मात्र मनानेच एकदम बंद करू नका.