गाईड कोणत्या सालचं?

कर्जतच्या दहिवलीत काय नि खोपोलीच्या शिळफाट्यावर काय, ज्या घरातलं मूल अकरावी-बारावी सायन्सला असतं त्या घरात जूनमध्ये एक हिशेब मांडला जातो. रेल्वेचा पास, वह्या, क्लासचा पहिला हप्ता, आणि उरलेल्या पैशांत गाईड. वडील खोपोली-रसायनीकडच्या एखाद्या कारखान्यात कंत्राटी कामावर, आई शिवणकाम करणारी किंवा फार्महाऊसवर स्वयंपाकाला जाणारी, अशा घरात ही शेवटची ओळ सगळ्यात आधी खोडली जाते. मग शोध सुरू होतो तो जुन्या पुस्तकांचा. वरच्या आळीतल्या ताईची, मामेभावाची, क्लासच्या सरांकडे पडून असलेली.

दहावीपर्यंत ही पद्धत छान चालते. एकाच नवनीतवर दोन-तीन भावंडं दहावी झाली, ‘एकवीस अपेक्षित’चा एकच संच चार घरं फिरला, हे या भागात नवं नाही. प्रवेश परीक्षेच्या पुस्तकांचं मात्र तसं झालं नाही. २०१३ पासूनची वर्षं एकामागून एक आठवली की मला दिसतं ते हे, की गरीब घराला गाईडच्या किमतीपेक्षा जास्त फटका बसला तो नियम बदलण्याचा. पुस्तक हातात होतं, पण त्यावर ज्या परीक्षेचं नाव होतं ती परीक्षा तरी राहिली नव्हती, किंवा अभ्यासक्रम तरी.

५ मे २०१३ ला देशभर पहिली नीट झाली. त्याआधी वैद्यकीयला जाणारी मुलं राज्याच्या सीईटीचा, म्हणजे आपल्याच बोर्डाच्या पुस्तकांचा अभ्यास करत. नीट आली तशी एनसीईआरटीची पुस्तकं लागली. ती स्वस्त असतात, पण मिळायला हवीत ना. कर्जतहून दादर म्हणजे लोकलने दोन तासांच्या आसपास. स्टेशनजवळचं आयडियल, नाहीतर दादरच्या आधी माटुंग्याला किंग्ज सर्कलची जुन्या पुस्तकांची दुकानं. खोपोलीकरांना त्यातही खोपोलीच्या मोजक्या गाड्यांचं वेळापत्रक सांभाळावं लागतं. काहींना घाट चढून पुण्याचा अप्पा बळवंत चौक सोयीचा वाटतो. एवढं करून पुस्तकं आणली, आणि १८ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने नीट रद्द केली. पुढची दोन वर्षं वैद्यकीयला पुन्हा राज्याची सीईटी.

त्याच दोन वर्षांत, २०१४ आणि २०१५ मध्ये, अभियांत्रिकीचं उलटं झालं. राज्याने आपली सीईटी बाजूला ठेवून जेईई मेनचे गुण धरले, जोडीला बारावीचे. म्हणजे २०१३ च्या बॅचच्या मुलाने धाकट्या भावासाठी जपून ठेवलेला सीईटीचा जाड ठोकळा भावाच्या फारसा उपयोगाचा राहिला नाही. जेईईत चुकलेल्या उत्तराला गुण कापतात, सीईटीत कापत नाहीत. प्रश्नाकडे बघण्याची सवयच वेगळी लागते. २०१६ मध्ये अभियांत्रिकीला सीईटी परत आली, आणि ज्यांनी जेईईची पुस्तकं घेऊन ठेवली होती त्यांचा हिशेब पुन्हा चुकला.

२०१६ चा उन्हाळा तर वैद्यकीयच्या मुलांसाठी फार वाईट गेला. २८ एप्रिलला न्यायालयाचा आदेश आला की नीट त्याच वर्षी, दोन टप्प्यांत घ्या. पहिला टप्पा १ मेला, म्हणजे तीन दिवसांनी. दुसरा २४ जुलैला. मध्ये ५ मेला राज्याची सीईटी. मे संपता संपता वटहुकूम निघाला आणि राज्याच्या कोट्यातल्या जागा त्या वर्षापुरत्या सीईटीवर राहिल्या, पण तोपर्यंतचे चार आठवडे या मुलांनी कोणतं पुस्तक उघडायचं? शहरातल्या मोठ्या क्लासने रातोरात नोट्स छापून दिल्या असतील. कशेळे-खांडसकडच्या मुलाला ती सोय नव्हती. त्याच्याकडे एकच संच होता, आणि तो कोणत्या परीक्षेला चालेल हे सांगणारं जवळ कुणी नव्हतं.

२०१७ पासून नीट कायमची झाली, आणि तेव्हापासून तिची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. याचं स्वागत व्हायलाच हवं होतं. मराठी शाळेतून दहावी होऊन आलेल्या मुलीला अकरावीत एकदम इंग्रजीतलं जीवशास्त्र समोर येतं, तेव्हा काय होतं हे इथल्या कनिष्ठ महाविद्यालयांतल्या शिक्षकांना विचारावं. पण प्रश्नपत्रिका मराठी झाली म्हणून गाईड मराठी झालं नाही. दुकानात मिळणारं सगळं इंग्रजीच. सीईटीतही भौतिक, रसायन, जीवशास्त्र मराठीतून देता येतं, गणित मात्र इंग्रजीतूनच. त्यामुळे या मुलींच्या इंग्रजी गाईडच्या समासात पेन्सिलने लिहिलेले मराठी अर्थ असतात. माझ्या मते जुन्या पुस्तकाची खरी किंमत तिथे असते. छापील पानावर कुणीतरी केलेलं ते काम विकत मिळत नाही.

मग आलं २०१८. तोपर्यंत सीईटी फक्त बारावीवर होती, आणि अकरावी हे अनेकांना श्वास घेण्याचं वर्ष वाटे. अकरावीची पुस्तकं परीक्षा झाली की रद्दीत जात. २०१८ पासून सीईटीत अकरावीचा वाटा २० टक्के झाला, म्हणजे भौतिक, रसायन आणि गणिताच्या प्रत्येकी ५० प्रश्नांत १०. काठिण्यपातळीही जेईई मेन आणि नीटच्या धर्तीवर धरली गेली. इथे एक बारीक गोष्ट पुष्कळ पालकांपर्यंत कधी पोचलीच नाही. अकरावीचा सगळा अभ्यासक्रम सीईटीला नसतो. निवडक प्रकरणंच असतात, आणि त्यांची यादी सीईटी कक्ष जाहीर करतो. त्या दहा-दहा प्रश्नांसाठी अकरावीच्या वेगळ्या गाईडचा अख्खा संच घेण्याची गरज नाही. बोर्डाचं अकरावीचं पुस्तक आणि ती यादी शेजारी ठेवली तरी बरंच काम होतं.

२०१९ मध्ये सीईटी संगणकावर गेली. अनेक सत्रं, पर्सेंटाइल, माऊस. उत्तरपत्रिकेतले गोल भरण्याच्या सरावाची पानं जोडलेले संच त्या वर्षी जुने झाले. आणि त्याच वर्षी जूनमध्ये अकरावीची नवी पुस्तकं बालभारतीने आणली, पुढच्या वर्षी बारावीची. दोन वर्षांत अभ्यासक्रम पूर्ण पालटला. ताईकडून आलेलं गाईड चांगल्या स्थितीत असूनही त्यातले धडे आता पुस्तकात नव्हते, किंवा दुसऱ्या इयत्तेत सरकले होते.

त्यात मार्च २०२० मध्ये टाळेबंदी. सर्वसामान्यांसाठी लोकल बंद, म्हणजे कर्जत, भिवपुरी, नेरळच्या मुलाला दादर बंद. बारावीचं नवं पुस्तक, त्यावरचं नवं गाईड, सगळं छापलं जात होतं तिकडे, आणि इकडे रस्ताच नव्हता. बालभारतीची पीडीएफ फुकट होती, हा त्या वर्षीचा सगळ्यात मोठा आधार. पण घरात फोन एक, तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा. आणि ठाकूर-कातकरी वाड्यांवर रेंजसाठी टेकडीवर चढायचं. त्या वर्षीची सीईटी अखेर ऑक्टोबरमध्ये झाली. पुढच्या वर्षी बारावीची बोर्डाची परीक्षाच रद्द झाली, आणि १५ ऑगस्ट २०२१ ला लसीचे दोन डोस झालेल्यांना लोकल उघडली.

पीडीएफवर अभ्यास केलेल्या त्या मुलांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांनी दाखवून दिलेली एक गोष्ट क्लासच्या जाहिरातींच्या गर्दीत विसरली गेली: पाया बोर्डाच्या पुस्तकातच असतो. सीईटीचा प्रश्न त्यातूनच येतो. गाईडने करायचं काम एकच, भरपूर सराव. भौतिक आणि रसायनचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. तो वेग सरावानेच येतो, आणि त्यासाठी प्रत्येक विषयाचा एक चांगला प्रश्नसंच पुरतो. तीन प्रकाशनांचे तीन संच घेऊन प्रत्येकाची पहिली चाळीस पानं सोडवणं, हा पैसे वाया घालवण्याचा इथला नेहमीचा प्रकार आहे. शेजारच्या मुलाकडे आहे म्हणून एच. सी. वर्मांचं भौतिकशास्त्राचं पुस्तक घेणं हा दुसरा. पुस्तक उत्तम आहे, पिढ्या घडवणारं आहे; पण ज्याला सीईटी देऊन कर्जतच्याच अभियांत्रिकी कॉलेजात किंवा लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात जायचं आहे, त्याने आधी बोर्डाच्या पुस्तकातली गणितं संपवावीत. त्यातली अर्धीअधिक कुणी सोडवतच नाही.

२०२२ मध्ये एनसीईआरटीने पुस्तकं आटोपशीर केली आणि २०२४ च्या नीटचा अभ्यासक्रमही कमी झाला. रसायनशास्त्रातलं सॉलिड स्टेट नीटमधून गेलं, पॉलिमर गेलं, सरफेस केमिस्ट्री गेली. पण बालभारतीच्या बारावीच्या रसायनशास्त्राचं पहिलंच प्रकरण सॉलिड स्टेट आहे, आणि सीईटीला ते हवं. दोन्ही परीक्षा देणाऱ्या मुलीने काय करायचं? जुनं नीटचं गाईड अर्ध्या किमतीत मिळालं तर त्यातलं हे प्रकरण तिला सीईटीसाठी उपयोगी पडतं. नीटच्या मुलाने फुली मारलेली पानं सीईटीच्या मुलाला चालतात. जुन्या पुस्तकांची ही अशी अदलाबदल जुळवून देणारं कुणीतरी प्रत्येक कॉलेजात असायला हवं.

नमुना प्रश्नपत्रिकांचंही तेच. २०२१ ते २०२४ नीटमध्ये २०० प्रश्न होते, त्यांतले १८० सोडवायचे. २०२५ मध्ये पुन्हा सरळ १८०, तीन तासांत. मधल्या चार वर्षांचे सराव संच आज स्वस्तात मिळतात. घ्यायला हरकत नाही, फक्त घड्याळ नव्या नियमाने लावावं. सरावासाठी दर वेळी पैसे मोजावे लागतातच असं नाही. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर सराव चाचणी असते, नीटच्या गेल्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका ती घेणाऱ्या एनटीएकडे मिळतात. डिसेंबर २०२४ मध्ये एनसीईआरटीने नववी ते बारावीच्या पुस्तकांच्या किमती २० टक्क्यांनी उतरवण्याचं जाहीर केलं, तेही लक्षात ठेवावं. इतर मागास आणि भटक्या-विमुक्त समाजांतल्या मुलांना राज्य शासनाच्या महाज्योती संस्थेकडून सीईटी, जेईई आणि नीट या तिन्ही परीक्षांचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण मिळतं, टॅब आणि इंटरनेटसह. आगरी आणि कुणबी घरं या पट्ट्यात किती आहेत ते सांगायला नको. अर्जाची मुदत उलटून गेल्यावर हे कळतं, याचं फार वाईट वाटतं.

आश्रमशाळेतून आलेल्या मुलाला तर ताईही नसते नि मामेभाऊही नसतो. घरातलं सायन्सला गेलेलं ते पहिलं मूल असतं. त्याच्यासाठी कॉलेजच्या ग्रंथालयात गाईडचे निदान चार-पाच संच घरी नेण्यासाठी हवेत, कपाटात कुलपात नकोत. आणि संच घेताना ग्रंथपालांनी आतल्या पानावरचं आवृत्तीचं साल बघावं, अभ्यासक्रम बदलला की जुने संच वेगळ्या फळीवर काढावेत आणि त्यावर कागद चिकटवावा: कोणती प्रकरणं अजून चालतात, कोणती नाहीत. या कामाला एका शिक्षकाची एक दुपार लागते. सीईटी आटोपल्यावर मुलं दाखल्यांसाठी कॉलेजात येतातच. तेव्हाच त्यांच्याकडून पुस्तकं मागून घ्यावीत. पाऊस लागला आणि घरात आवराआवर झाली की ती रद्दीवाल्याकडे जातात.