भूमिकाधारित खेळातील सूत्रधार आणि नियमांचे अर्थनिर्णयन
गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिकाधारित खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात खेळाडू आपल्या पात्राची कृती सांगतो व सूत्रधार तिचा परिणाम ठरवतो. संभाव्य कृती असंख्य आणि नियम मोजके असल्याने अर्थनिर्णयन अटळ ठरते.

या अधिकाराची पूर्वपीठिका प्रशियातील युद्धखेळात आढळते. राइसविट्झ यांच्या १८२४ च्या नियमावलीत पंच नियम व फासे यांना बांधील होता. १८७६ मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्नुआ यांनी निर्णय पंचाच्या अनुभवावर सोपवला.

शत्रूच्या पायाखालचा गालिचा ओढण्याविषयी नियम मौन असल्यास सूत्रधार ढकलून पाडण्याच्या नियमाशी साधर्म्य शोधतो. मात्र तोच निर्णय पुढे शत्रुपक्षालाही लागू करणे आवश्यक असते. अन्यथा स्वेच्छाधिकाराची मनमानी होऊन खेळाडूंचा विश्वास नाहीसा होतो.