विद्यार्थ्याच्या वाटेने पुणे

पुणे पाहावयास आलेला पाहुणा शनिवारवाडा, पर्वती, सिंहगड असा क्रम लावतो. ‘काय पाहावे?’ हा त्याचा प्रश्न. बाहेरगावाहून शिकावयास आलेल्या मुलाचा प्रश्न निराळा असतो. कोठे बसावे, कोठे जेवावे आणि महिनाअखेर हाती काय उरेल? हाच प्रश्न बरोबर घेऊन ज्याला एक दिवस हिंडावयाचे असेल, त्याने वाहन घरी ठेवावे व पायांवर भरवसा ठेवावा.

आरंभ फर्ग्युसन महाविद्यालयामागील टेकडीवरून करावा. विद्यार्थ्याला फुकट मिळणाऱ्या ज्या थोड्या गोष्टी या शहरात आहेत, त्यांत टेकडी पहिली. पायथ्याचे महाविद्यालय १८८५ सालचे; ते काढणारी डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ ची. तिच्या आजीव सभासदांनी अल्प वेतनावर वीस वर्षे शिकविण्याचे व्रत घेतले. तो त्याग त्यांनी समजून-उमजून पत्करला होता. आज राज्यातील अनेक महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविणारे अध्यापक आहेत. जितके तास, तितके पैसे. ही ओढाताण त्यांनी पत्करलेली नाही, ती त्यांच्या वाट्याला आलेली आहे. या दोहोंस एकच नाव देऊ नये.

टेकडी उतरून लकडी पुलावरून पेठांत शिरावे आणि अप्पा बळवंत चौक गाठावा. येथे जुनी पुस्तके निम्म्या-पाव किमतीला मिळतात, आणि परीक्षा झाली की तीच पुन्हा विकताही येतात. एकाच पुस्तकाच्या समासात तीन पिढ्यांच्या खुणा सापडतात. जवळच बुधवार पेठेत भिडेवाड्याची जागा आहे. १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली ती येथे. जीर्ण झालेला वाडा स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये उतरविण्यात आला. त्याच दांपत्याने १८५५ साली शेतकरी व मजूर यांच्यासाठी रात्रीची शाळा चालविली, हे मात्र थोड्यांच्या ध्यानात असते. दिवसा राबणाऱ्याला शिकावयाचे असेल तर शाळेनेच आपली वेळ बदलली पाहिजे, इतका साधा विचार त्यामागे होता. माझ्यासारखे कामगार चळवळीत वाढलेले, कॉलेजाची पायरी न चढलेले लोक त्याच विचाराचे ऋणी आहेत.

दुपारी खाणावळीत जेवावे. तेथे ‘खाडा’ हा शब्द कानी पडेल. गावी गेलेल्या मुलाची जेवणे चुकली की आगाऊ कळविल्यास तितके पैसे वळते होतात, त्याचे नाव खाडा. कारखान्यात गैरहजेरीलाही खाडाच म्हणतात. पण तेथे पैसे कापले जातात ते कामगाराचे! मुंबईच्या गिरणगावात गाळ्यातील जागा पाळीपाळीने वापरणारे आणि खाणावळवाल्या बाईकडे जेवणारे गिरणी कामगार होते. त्या बायकांची संघटना, अन्नपूर्णा महिला मंडळ, प्रेमा पुरव यांनी १९७५ साली उभी केली. पुण्याच्या पेठांतील खाट भाड्याने घेणारा विद्यार्थी आणि तो कामगार यांचे जगणे एकाच घाटाचे आहे, आणि दोघांचे पोट ज्या हातांवर चालते ते हातही एकाच घाटाचे आहेत.

सायंकाळी सदाशिव पेठ व नवी पेठ येथील अभ्यासिका पाहाव्यात. स्पर्धा परीक्षेला बसणारी मुले दरमहा भाडे देतात ते पुस्तकांसाठी नव्हे. खुर्ची, दिवा आणि शांतता यांसाठी. दहा जणांच्या खोलीत या तीन वस्तू मिळत नाहीत, म्हणून त्या विकत घ्याव्या लागतात. म्हणजे खाट, ताट आणि खुर्ची अशी तीन भाडी प्रथम. शिकवणीची फी त्यानंतर. गावी शेत पिकले नाही की यांतील पहिला खाडा ताटावर पडतो.

याला उपाय नाही असे नव्हे. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली विद्यार्थी साहाय्यक समिती काढून ग्रामीण मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय केली. संस्था एवढे करू शकते, तर नगराला अधिक करता येईल. सार्वजनिक शाळांचे वर्ग रात्री रिकामे असतात. तेथे बाके आहेत, दिवे आहेत. किल्ली हवी आणि रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला रीतसर पगार हवा. आपल्या प्रभागातील नगरसेवक मते मागावयास येतील तेव्हा, श्रोतेहो, या किल्लीची चौकशी जरूर करावी.