मोटारीचे मागील ब्रेक घरीं बदलण्यास लागणारीं हत्यारें

हल्लीं पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारीं लहान मोटार किंवा माल नेण्याची पिकअप गाडी असते. अशा पुष्कळ गाड्यांच्या मागील चाकांस ड्रमचे ब्रेक असतात. ड्रमच्या आंत अर्धगोल आकाराचे दोन शू असतात. पेडल दाबतांच ते फांकून ड्रमला घांसतात व चाक थांबतें. शूवरील अस्तर झिजलें म्हणजे ते बदलावे लागतात. हाताला वळण असलेल्या गृहस्थास हें काम घरीं करतां येतें. परंतु सर्व हत्यारें जवळ मांडल्यावांचून चाक उचलूं नये.

पहिलें साहित्य गाडी स्थिर ठेवण्याचें. हातब्रेक बहुधा मागील चाकांवरच चालतो व ड्रम काढण्यासाठीं तो सोडावा लागतो. म्हणून बैलगाडीस दगड लावतों त्याप्रमाणें पुढील दोन्ही चाकांस पुढून व मागून लांकडी ठोकळे लावावे. जॅक हें गाडी उचलण्याचें साधन आहे, धरून ठेवण्याचें नव्हे. गाडी उचलल्यावर तिचें वजन पेलतील अशा दोन लोखंडी घोड्या पुस्तिकेंत दाखविलेल्या जागीं लावून भार त्यांवर सोडावा. विटा रचूं नयेत. त्या अवचित फुटतात. मीं स्वतः एकदां पावसानें भिजलेल्या अंगणांत, घोडी न लावतां ड्रमला हात घातला. जॅक एका अंगास खचला व गाडी खालीं बसली. पाना घेण्यास हात नुकताच मागें आला होता, म्हणून निभावलें. तेव्हांपासून कठीण व सपाट जमिनीवांचून मीं हें काम केलेलें नाहीं.

दुसरें साहित्य खोलण्याचें. चाकाचा पाना, सॉकेट पान्यांचा संच, स्क्रू-ड्रायव्हर, लांब नाकाची पक्कड, रबरी हातोडा व स्प्रिंगा ओढण्याचें हत्यार घ्यावें. साध्या पकडीनें स्प्रिंग निसटून डोळ्यास लागते, यासाठीं चष्माहि असावा. ड्रम अडकला तर बेतानें ठोकावा. पुष्कळ ड्रमांस आट्यांचीं दोन छिद्रें असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीनें आवळले असतां ड्रम आपोआप बाहेर येतो. एका वेळीं एकच बाजू खोलावी, म्हणजे दुसरी नमुन्यास राहते. शू मात्र दोन्ही चाकांचे बदलावे.

तिसरें साहित्य सफाईचें. आंतील भुकटी फुंकूं नये. जुन्या अस्तरांत ॲसबेस्टॉस असूं शकतें व तें फुफ्फुसांस घातक आहे. तोंडास योग्य मास्क बांधून ब्रेक क्लीनरनें भुकटी ओली करावी व फडक्यानें टिपावी. अस्तरास तेलाचा हात लागूं देऊं नये. ब्रेकच्या टाकींत झांकणावर लिहिलेलेंच, म्हणजे डॉट ३ किंवा डॉट ४ वगैरे, द्रव घालावें. इंजिनच्या तेलानें आंतील रबर फुगून ब्रेक निकामी होतात.

ड्रम निघाला असतां पेडल दाबूं नये. सिलिंडरांतील दट्ट्ये बाहेर येतात. जोडणी झाल्यावर अस्तर व ड्रम यांतील अंतर जुळवावें, चाकाचे नट टॉर्क पान्यानें पुस्तिकेंतील मापाप्रमाणें आवळावे, आणि पेडल घट्ट लागेपर्यंत दाबून पाहावें. मग मोकळ्या जागीं सावकाश गाडी चालवून पारख करावी. सिलिंडर गळत असेल किंवा पेडल मऊ लागेल, तर गाडी रस्त्यावर न नेतां कारागिरास घरीं बोलवावें. मजुरी वांचविण्यापेक्षां माणूस वांचणें महत्त्वाचें.