फस्साहार आणि दूरचित्रवाणी

संयुत्तनिकायाच्या निदानवग्गात तथागतांनी चार आहार सांगितले आहेत: घासाघासाने घेतले जाणारे अन्न, फस्स, मनोसंचेतना आणि विञ्ञाण. यांपैकी फस्स म्हणजे केवळ त्वचेचा स्पर्श नव्हे. डोळा, रूप आणि चक्षुविज्ञान यांचा संयोग झाला की फस्स घडतो व त्यापासून वेदना उत्पन्न होते. पुत्तमंससुत्तात या आहाराला कातडी सोललेल्या गाईची उपमा दिली आहे. ती जेथे उभी राहील तेथले जीवजंतू तिला चावतात. वृत्तवाहिनीवरील आरडाओरडा पाहून रात्री अस्वस्थ चित्ताने उठणाऱ्यास ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही. अन्नाप्रमाणे दृश्यही निवडून घ्यावे, असा याचा व्यवहारातील अर्थ आम्ही घेतो.

निवडीची कसोटी कोणती? आमच्या मते ती प्रतीत्यसमुत्पादाची आहे. घटनेबरोबर तिचे हेतू व प्रत्यय दाखवतो तो कार्यक्रम सखोल.

पुणे जिल्ह्यातील मुळशीचे उदाहरण घेऊ. मुळा व निळा नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या धरणासाठी मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या जाऊ लागल्या, तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९२४ पर्यंत लढवला. धरण मात्र झालेच. त्या जलाशयाचे पाणी सह्याद्रीखाली रायगड जिल्ह्यातील भिरा येथे उतरते आणि तेथे निर्माण होणारी वीज मुंबईला जाते. म्हणजे मुंबईत पडदा उजळतो, त्याच्या प्रत्ययांत मुळशीची बुडालेली शेतेही आहेत. दोन मिनिटांच्या बातमीत धरण भरल्याचे आणि पर्यटकांच्या गर्दीचे दृश्य मावते. जमीन कोणाची होती, मोबदला कोणाच्या हाती पडला, ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती ते कोठे गेले, हे प्रश्न त्यात मावत नाहीत. त्यांना तासभराचा अवधी आणि अभ्यास लागतो.

जाहिरातींवर जगणाऱ्या वाहिनीला प्रेक्षकांचे लक्ष विकावे लागते. सार्वजनिक दूरचित्रवाणीचे प्रयोजन निराळे आहे. १९९० साली संमत झालेल्या व १९९७ साली अंमलात आलेल्या प्रसार भारती कायद्याने सामाजिक न्यायाला चालना देणे आणि शोषण, विषमता व अस्पृश्यता यांच्याशी लढणे हे प्रसारणाच्या उद्दिष्टांत गणले आहे. हे उद्दिष्ट नेहमी पाळले जाते असे नाही; परंतु ते कायद्यात असल्यामुळे ते आपल्याला हक्काने मागता येते.

असे कार्य होऊ शकते याचा पुरावाही आहे. राज्यसभेच्या वाहिनीने २०१४ साली श्याम बेनेगल यांची ‘संविधान’ ही दहा भागांची मालिका दाखवली. तीत बाबासाहेबांची भूमिका सचिन खेडेकर यांनी केली. संविधान सभेतील मतभेद व तडजोडी तेथे सविस्तर येतात. बाबासाहेबांची तसबीर घराघरांत आहे. त्यांनी कोणत्या प्रश्नावर कोणाशी कसा युक्तिवाद केला, हे समजण्यास अशी मालिका साहाय्यभूत होते.

परंतु उत्तम कार्यक्रमही अयोनिसो मनसिकाराने पाहिला तर व्यर्थ जातो. योनिसो मनसिकार म्हणजे मुळापर्यंत जाणारा विचार. कालामसुत्ताचा उपदेशही हाच की, केवळ ऐकीव आहे म्हणून काही स्वीकारू नये. मोबाइलवर आलेली चित्रफीत पुढे पाठवण्यापूर्वी हा उपदेश आठवावा.

यासाठी विहारांनी आठवड्यातून एक सायंकाळ राखून ठेवावी, असे आम्ही सुचवतो. उपासक-उपासिकांनी एक सखोल कार्यक्रम एकत्र पाहावा आणि नंतर तीन प्रश्नांवर चर्चा करावी: या घटनेचे कारण काय दाखवले? कोणाचा आवाज ऐकू आला नाही? पाहताना आपल्या चित्तात लोभ, द्वेष की करुणा उत्पन्न झाली? दुसरा प्रश्न आपल्याला नवा नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला तो याच प्रश्नापोटी. तेव्हा आपले पत्र आपणच काढावे लागले. आज पडदा प्रत्येकाच्या हाती आहे. त्यावर काय पाहावे आणि काय नाकारावे, हे ठरवण्याची जबाबदारीही आपलीच आहे.