होलोंग : पंख आहेत, पण उडणं बेताचं

आज होलोंग या झाडाविषयी बोलू. आसामचा हा राज्यवृक्ष, आणि अरुणाचल प्रदेशाचाही. महाराष्ट्रातल्या जंगलात तो भेटणार नाही, पण छत्तीसगड, झारखंडकडे राहणाऱ्यांनी त्याचा चुलतभाऊ नक्की पाहिलाय. तो म्हणजे साल. दोघांचं कुळ एकच.

वरच्या आसामातल्या सदाहरित जंगलात नागकेशराची झाडं मधल्या मजल्यावर असतात. होलोंग त्यांच्याही वर डोकं काढतो, चाळीस-पंचेचाळीस मीटरपर्यंत. म्हणजे पंधरा मजली इमारत समजा! खोड सरळसोट, खालचा बराच भाग बिनफांद्यांचा. पानं मोठी, शिरांच्या मधे चुण्या पडल्यासारखी. कोवळ्या कळीवर एक आवरण असतं. ते गळलं की फांदीवर अंगठीसारखा वण राहतो. खोडातून राळमिश्रित तेल पाझरतं.

पण खरी गंमत फळात आहे. फूल गळल्यावर त्याच्या पाच निदलांपैकी दोनच वाढत जातात आणि त्यांचे साधारण वीतभर लांबीचे पंख होतात. सालाच्या फळाला पाच पंख असतात, याला दोन. याच्या शास्त्रीय नावातल्या ‘डिप्टेरोकार्पस’ या शब्दाचा अर्थच ‘दोन पंखांचं फळ’. ते भिरभिरत खाली येतं. आता तुम्ही म्हणाल, एवढे पंख म्हणजे बी मैलोन्‌मैल जात असेल. तसं होत नाही. फळ जड असतं, आणि दाट जंगलात वारा कमी. बहुतेक फळं आईच्या आसपासच पडतात. त्यात आणखी एक अडचण. हे बी गहू-ज्वारीसारखं वाळवून डब्यात ठेवता येत नाही. ओलावा गेला की मरतं. पडल्यावर लवकर रुजलं तर रुजलं.

त्यामुळे होलोंग एकदा तोडला की नवा आणणं सोपं नाही. आणि तोडला तर खूपच. सरळ खोड प्लायवूडला सोयीचं, चहाच्या पेट्यांनाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर ईशान्येतल्या या तोडीला लगाम बसला. माझ्या मते तो फार उशिरा बसला.

जोरहाट जिल्ह्यात होलोंगापार गिबन अभयारण्य आहे, जेमतेम एकवीस चौरस किलोमीटरचं. नावातला ‘होलोंग’ हाच. चहूबाजूंनी चहाचे मळे आणि वस्त्या, मधून रेल्वेमार्ग. इथला हूलॉक गिबन हाताने फांदीवरून फांदीवर झोके घेत जातो, जमिनीवर क्वचितच उतरतो. रुळांवर फांद्या एकमेकींना भिडत नाहीत, म्हणून पलीकडचं रान त्याला परकं होतं. त्याच्यासाठी रुळांवरून दोरांचे पूल बांधणं हा एक उपाय. दुसरा, दोन्ही कडांना झाडं वाढवणं. पण त्यासाठी ताजं बी लागतं, आणि ते मिळतं उभ्या असलेल्या म्हाताऱ्या झाडांखालीच.